कॅफेच्या पीसीवर कुणी हॅक चालवला तर: बॅन, बँक आणि कायदा

प्रश्न थोडक्यात असा. भुसावळमध्ये दहा पीसींचा गेमिंग कॅफे आहे. त्यातल्या दोन पीसींवर कुठल्याही आयडीने व्हॅलोरंट उघडलं की ‘व्हॅन १५२’ ही एरर येते. एका ग्राहकाने पेनड्राइव्ह लावून काहीतरी चालवल्याचं सीसीटीव्हीत दिसतं. टेलिग्रामवरचा एक जण ८०० रुपयांत ‘स्पूफर’ (पीसीची खरी ओळख लपवणारं सॉफ्टवेअर) टाकून दोन्ही पीसी मोकळे करून देतो म्हणतोय. मालकांचं विचारणं चार गोष्टींबद्दल आहे. स्पूफर घ्यावा का? पोलिसांचं लचांड मागे लागेल का? व्हॅनगार्ड, म्हणजे व्हॅलोरंटचं चीट पकडणारं सॉफ्टवेअर (अँटीचीट), आपल्या पीसीतलं सगळं वाचतं हे खरं का? आणि मोबाइलवर ‘पॅनेल’ (चीटचं ॲप) टाकणाऱ्या पोरांच्या आईबापांना काय सांगायचं?

भाऊ, स्पूफर घेऊ नका. बॅन ही तुमची सगळ्यात लहान अडचण आहे. ज्या फाइलने बॅन आणला तिने त्या पीसीवर आणखी काय केलं, ते आधी बघायला हवं.

व्हॅन १५२ म्हणजे हार्डवेअर बॅन. कंपनीने आयडी अडवलेली नाही, मशीन अडवलं आहे. म्हणून चांगल्या आयडीनेही तिथे खेळता येत नाही. (व्हॅन ९००१ आणि ९००३ हे बॅन नव्हेत. टीपीएम ही सुरक्षा चिप किंवा सिक्युअर बूट ही पीसी सुरू होतानाची तपासणी बंद असल्याची ती तक्रार असते आणि बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ती मिटते. हे दोन आकडे बघून मदरबोर्ड बदलायला निघालेले लोक आहेत, म्हणून सांगितलं.) ‘बघू, उघडतं का’ म्हणून ग्राहकांच्या आयडी त्या दोन पीसींवर टाकून बघणं आजपासून बंद करा. फुकटच्या किंवा स्वस्तातल्या चीटसोबत रेडलाइन, लुमा यांसारखे माहितीचोर येणं ही जुनी आणि नोंदलेली गोष्ट आहे. ते पासवर्ड तर उचलतातच, शिवाय ब्राउझरच्या कुकीज आणि डिस्कॉर्डचा टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याची साठवलेली खूण, उचलतात. कुकी हाती लागली की चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, कारण त्याच्या बाजूने लॉगिन आधीच झालेलं असतं. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही ते यामुळेच.

तेव्हा क्रम असा ठेवा. दोन्ही पीसींची लॅन केबल काढा, वायफाय डोंगल असेल तर तोही काढा. मग स्वच्छ फोनवरून, त्या पीसींवर ज्या ज्या खात्यांत लॉगिन झालं होतं त्यांचे पासवर्ड बदला आणि जुनी सत्रं बंद करा. गुगल खात्यात ‘सुरक्षा’ मध्ये जाऊन ‘तुमची डिव्हाइस’ उघडा आणि अनोळखी सगळी साइन आउट करा. स्टीममध्ये स्टीम गार्डच्या पानावर सगळी डिव्हाइस एकदम अनधिकृत करायचं बटण आहे, ते दाबा. स्टीमचं वेब एपीआय कीचं वेगळं पान आहे, तिथे अशी की (बाहेरच्या प्रोग्रामला खात्याशी जोडणारा कोड) कुणी तयार करून ठेवली आहे का तेही बघा. तुम्ही बनवली नसेल आणि दिसत असेल, तर ती चोराची, आणि स्किनचे सौदे मधल्यामध्ये पळवायला ती वापरतात. डिस्कॉर्डचा पासवर्ड बदलला की जुना टोकन आपोआप मरतो. व्हॉट्सॲप वेब कुणी उघडलं असेल तर त्याच्या फोनवरून ‘लिंक केलेली डिव्हाइस’ साफ करायला सांगा. आणि हो, पेनड्राइव्ह लागला त्या दिवसापासून त्या दोन सीटवर जे जे बसले त्यांना रजिस्टर बघून फोन करा. धंद्याच्या दृष्टीने हे जड जातं, पण खाती रिकामी झाल्यावर फोन त्यांच्याकडून येण्यापेक्षा हे बरं.

आता मशीन. तक्रार करण्याचा विचार असेल तर जुनी एसएसडी पुसू नका. काढून पाकिटात ठेवा, वर तारीख आणि सीट नंबर लिहा आणि नवी एसएसडी बसवा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग आजच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण डीव्हीआर काही दिवसांनी जुन्यावर नवं लिहीत जातो.

विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह (८ जीबी पुरतो) काउंटरच्या पीसीवर बनवा, लागण झालेल्या पीसीवर नको. ‘रीसेट धिस पीसी’ मधला फाइल्स ठेवण्याचा पर्याय इथे कामाचा नाही. जुनीच डिस्क वापरणार असाल तर इन्स्टॉलच्या वेळी सगळी पार्टिशन उडवा, डी ड्राइव्हसकट. डी ड्राइव्हवरचे गेम पुन्हा उतरवायला रात्र जाईल, जाऊ द्या. त्याआधी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या बूट पद्धतीची सोय) बंद करा, टीपीएमसाठी इंटेल असेल तर पीटीटी, एएमडी असेल तर एफटीपीएम सुरू करा आणि शेवटी सिक्युअर बूट सुरू करा. पेनड्राइव्ह यूईएफआय या नव्या पद्धतीने बूट केला की डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची होऊनच इन्स्टॉल होते. उरलेल्या आठ पीसींपैकी एखादा जुन्या एमबीआर पद्धतीचा असेल तर विंडोजसोबत येणारी एमबीआर-टू-जीपीटी ही कमांड वापरा, आधी ‘व्हॅलिडेट’ आणि ते पास झालं तरच ‘कन्व्हर्ट’. हे काम आणि बायोस अपडेट, दोन्ही यूपीएसवरच करा. मध्येच लाइट गेली तर पीसी पुन्हा सुरूच न होण्याची पाळी येऊ शकते.

उरलेले आठही स्वच्छ असतील असं धरून चालू नका. प्रत्येकावर तीन जागा बघा. पहिली, विंडोज सिक्युरिटीमधली ‘एक्सक्लुजन्स’ची यादी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा ‘डाउनलोड्स’ टाकलेला दिसला तर कुणीतरी डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या अँटीव्हायरसला, आंधळं करून गेलं आहे. चीटच्या व्हिडिओत ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ असं सांगतात, आणि घाईतली पोरं पुन्हा सुरू करायचं विसरतात. दुसरी, ‘कोअर आयसोलेशन’ मधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद आहे का. (बऱ्याच पीसींवर ते मुळातच बंद असतं, म्हणून एवढीच खूण पुरेशी नाही.) तिसरी, ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिट चालवा आणि ‘टेस्टसायनिंग’ समोर ‘येस’ आहे का बघा. असेल तर डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर (विंडोजच्या आत चालणारा प्रोग्राम) घुसवायला दार उघडं ठेवलेलं आहे. पहिली किंवा तिसरी खूण सापडली तर तो पीसीही पुसा. दुरुस्त करत बसू नका.

मुळात पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर टाकता आला कसा? ग्राहक ॲडमिन खात्यावर बसत होता म्हणून. बहुतेक कॅफेंत हेच असतं, कारण गेम अपडेट होताना दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो. ग्राहकाला ‘स्टँडर्ड’ खातं द्या. व्हॅनगार्ड स्वतः सेवा म्हणून चालतं, खेळायला ॲडमिन लागत नाही. स्टीमच्या फोल्डरला लिहिण्याची परवानगी दिली की तिथली अपडेटही अडत नाहीत. डीप फ्रीझसारखं रीस्टार्टला मूळपदावर आणणारं सॉफ्टवेअर चांगलं, पण त्यात एक खोच आहे. व्हॅनगार्ड सी ड्राइव्हवर बसतं. सी गोठवलेला असताना त्याचं अपडेट आलं की ते रीस्टार्ट मागतं, रीस्टार्टला अपडेट पुसलं जातं, आणि पीसी पुन्हा रीस्टार्ट मागतो. गेम डी ड्राइव्हवर मोकळे ठेवा आणि आठवड्यातून एकदा, गर्दी नसलेल्या सकाळी, सी वितळवून अपडेट करून परत गोठवा. डीप फ्रीझ चोरीला गेलेली कुकी परत आणत नाही, हेही लक्षात असू द्या. ते मशीन सावरतं, त्या सत्रात बाहेर गेलेली माहिती गेलीच.

एक अडचण आपल्याकडची. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात पंखे वाढवायला लोक फॅन कंट्रोलची छोटी सॉफ्टवेअर टाकतात. यातली बरीच जुन्या, भोकं असलेल्या ड्रायव्हरवर चालतात. विनरिंगझिरो हा त्यातला नेहमीचा. हेच ड्रायव्हर चीटवालेही आत शिरायला वापरतात, म्हणून अँटीचीट त्यांना अडवतं. २०२० मध्ये व्हॅलोरंट आलं तेव्हा यावरूनच ओरड झाली होती. ड्रायव्हर अडला की पंखा मूळ वेगावर येतो, पीसी तापतो, फ्रेम पडतात आणि ग्राहक म्हणतो ‘तुमचा पीसी बोगस’. पंख्याचा वेग बायोसमध्येच ठरवून टाका आणि ती सॉफ्टवेअर काढा. काही आरजीबी लायटिंगच्या सॉफ्टवेअरचीही हीच गत.

आता स्पूफर. तो डिस्कचा सीरियल नंबर, नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता, मदरबोर्डची यूयूआयडी असे ओळखीचे आकडे खोटे दाखवतो. त्यासाठी त्याला कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या सगळ्यात आतल्या थरात शिरावं लागतं. सही नसलेला ड्रायव्हर विंडोज घेत नाही, म्हणून तो एखादा सही असलेला पण सदोष ड्रायव्हर आधी बसवतो आणि त्याच्या भोकातून स्वतःचा कोड आत ढकलतो. इंटेलच्या नेटवर्क टूलचा एक जुना ड्रायव्हर यासाठी वर्षानुवर्षं वापरात आहे. टीपीएमच्या चिपमधली ओळख मात्र कारखान्यातच बसवलेली असते, ती साध्या स्पूफरला बदलता येत नाही. म्हणून आज चाललेला स्पूफर चार दिवसांनी पुन्हा बॅन आणतो आणि विकणारा ‘नवीन व्हर्जन घ्या’ म्हणतो. काही स्पूफर बायोसमधले नंबर कायमचे बदलतात. मग विंडोजचं डिजिटल लायसन्सही मशीन ओळखत नाही, ते वेगळंच. ज्या माणसाचं नाव-गाव माहीत नाही त्याला पैसे देऊन आपल्या दहा पीसींच्या जाळ्यात कर्नलपर्यंत नेऊन सोडायचं, असा हा सौदा आहे.

सरळ मार्ग म्हणजे कंपनीच्या सपोर्टला तिकीट टाकणं. कॅफे आहे, ग्राहकाने केलं, डिस्क बदलली, विंडोज नव्याने टाकलं, असं खरं लिहा आणि पीसीच्या खरेदीचं बिल जोडा. ते ऐकतील याची हमी नाही. तोवर ते दोन पीसी व्हॅनगार्ड नसलेल्या गेमसाठी ठेवा. आणि जुना पीसी किंवा मदरबोर्ड विकत घेताना दुकानातच व्हॅलोरंट उघडून बघा. कुणाच्या तरी हार्डवेअर बॅनचं ओझं स्वस्तात गळ्यात पडू शकतं.

व्हॅनगार्ड काय बघतं?

अँटीचीट सगळी सारखी नसतात. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीचं व्हॅक कर्नलमध्ये जात नाही. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय यांचा ड्रायव्हर गेम सुरू झाल्यावर चढतो. व्हॅनगार्डचा ड्रायव्हर विंडोज सुरू होतानाच बसतो, म्हणजे गेम खेळत नसतानाही तो आत असतो. घड्याळाजवळच्या आयकॉनवरून तो बंद करता येतो, पण मग खेळायला पीसी रीस्टार्ट करावा लागतो. ही अँटीचीट चढलेले ड्रायव्हर, चालू प्रोसेस, गेमच्या मेमरीला कोण हात लावतंय ते आणि हार्डवेअरचे नंबर बघतात. तुमचे फोटो चाळायचा त्यांचा धंदा नाही. पण कर्नलमध्ये बसलेल्याला हवं ते बघण्याची ताकद असते, हे खरंच आहे. वापरतो की नाही हा वेगळा प्रश्न.

त्या प्रश्नाचा इतिहास मिश्र आहे. २०१४ मध्ये व्हॅक डीएनएस कॅशे, म्हणजे पीसीने कुठल्या साइटचे पत्ते शोधले त्याची नोंद, तपासतं असा गाजावाजा झाला. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी स्वतः खुलासा केला. विकत मिळणारी चीट आपलं लायसन्स तपासायला स्वतःच्या सर्व्हरला विचारते, फक्त तो पत्ता शोधला जातो, तोही आधी चीट सापडली तरच, आणि यातून ५७० जण पकडले गेले. खुलासा पटण्यासारखा होता. याउलट २०१३ मध्ये ईएसईए या स्पर्धा चालवणाऱ्या सेवेच्या अँटीचीटमध्ये आतल्याच माणसाने बिटकॉइन खणणारा कोड घातला. सुमारे १४,००० पीसी खेळाडूंच्या नकळत राबले आणि न्यू जर्सी राज्याशी दहा लाख डॉलरची तडजोड करावी लागली. तिसरी तऱ्हा २०२२ ची. गेन्शिन इम्पॅक्टच्या अँटीचीट ड्रायव्हरची फाइल रॅन्समवेअरवाल्यांनी, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांनी, उचलली आणि अँटीव्हायरस मारायला वापरली. ट्रेंड मायक्रोने ते उघड केलं. ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांच्याकडे तो गेम असायचीही गरज नव्हती. ड्रायव्हर सही केलेला होता, तेवढं पुरलं.

म्हणजे चीट आणि अँटीचीट दोघेही त्याच आतल्या थरात जागा मागतात. एकाला कोर्टात खेचता येतं, दुसऱ्याचा टेलिग्रामवरचा फोटोही खरा नसतो. एवढ्या फरकासाठी व्हॅनगार्ड चालवावं, पण ज्या पीसीवर ते आहे त्यावर बँक, जीएसटी, घरचे कागद काही करू नये. काउंटरचा पीसी वेगळा, त्याचं नेटवर्कही वेगळं. तुमच्या राउटरला गेस्ट नेटवर्क असेल तर काउंटर एकीकडे, गेमिंग पीसी दुसरीकडे. महिन्याला शून्य रुपये खर्च.

कॉलेजसाठी किंवा कॅफेत स्पर्धा भरवत असाल तर एक प्रसंग माहीत असावा. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत भारतातल्या ऑप्टिक इंडिया संघाचा ‘फोर्सेकन’ नावाने खेळणारा खेळाडू पकडला गेला. त्याच्या चीट फाइलचं नाव होतं ‘वर्ड डॉट ईएक्सई’. पंच पीसी तपासायला आले तेव्हा तो ती उडवायच्या धडपडीत होता. पाच वर्षांची बंदी आली आणि संघच मोडला. स्पर्धेच्या पीसीवर खेळाडूला ॲडमिन खातं देऊ नका, यूएसबीत फक्त माउस-कीबोर्ड आणि तेही आधी तपासून. माउसचं सॉफ्टवेअर हवं असेल तर ते तुम्ही टाका.

पोलीस, कॉपीराइट आणि तुमचं रजिस्टर

आपल्या कायद्यात गेममध्ये चीट वापरणं असा स्वतंत्र गुन्हा नाही. दक्षिण कोरियात चीट बनवणं आणि वाटणं हा २०१६ च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे, कैदही होऊ शकते. आपल्याकडे तसं नाही. कॉपीराइटने चीट पकडायची म्हटलं तर बाहेरच्या कोर्टांतही गोष्ट सरळ नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या ‘ग्लायडर’ बॉटच्या खटल्यात अमेरिकेच्या अपील कोर्टाने २०१० मध्ये म्हटलं की गेमच्या अटी मोडून खेळणं म्हणजे आपोआप कॉपीराइटभंग नव्हे, पण अँटीचीटला चुकवणारं साधन विकणं तिथल्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्याविरुद्ध आहे. युरोपियन न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२४ ला सोनी विरुद्ध डेटेल खटल्यात सांगितलं की चीट फक्त मेमरीतले चालू आकडे बदलत असेल आणि मूळ कोडची नक्कल करत नसेल, तर तेवढ्याने प्रोग्रामचा कॉपीराइट मोडत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ए आलं. तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पण तोडण्यामागे कॉपीराइट मोडण्याचा हेतू हवा. भिंतीआडचा शत्रू दिसावा म्हणून हॅक लावणाऱ्याचा तो हेतू दाखवणं अवघडच.

मॉड एपीके (गेमची फेरफार केलेली अँड्रॉइड फाइल) वाटणं मात्र थेट अडचणीचं, कारण ती कंपनीच्या प्रोग्रामची बदललेली नक्कल असते. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख दंड. दुसऱ्याची आयडी ओटीपी मागून हडपली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६सी (ओळखचोरी) आणि ६६डी (तोतयेगिरीने फसवणूक) लागतं.

तुमच्या प्रकरणात मुद्दा उलटाच आहे. पीसी तुमचा, परवानगी तुमची नव्हती, आणि त्यात कुणी व्हायरस घातला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ नेमकं हेच सांगतं. तेच लबाडीच्या हेतूने केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे इथे तुम्ही आरोपी नाही, फिर्यादी आहात. या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारीच करतो, तेव्हा जळगावच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार द्या. सोबत ती पाकिटातली एसएसडी, सीसीटीव्ही आणि रजिस्टरचं पान.

पण त्याआधी आपलं घर बघा. पीसीवर क्रॅक केलेला जीटीए असेल, केएमएसच्या चोरट्या टूलने ॲक्टिव्हेट केलेलं विंडोज असेल, तर पंचनाम्यात तेही दिसणार. चोरीची प्रत आहे हे माहीत असून वापरणाऱ्याला कलम ६३बी लागतं. किमान सात दिवस ते तीन वर्षं. घरी, नफ्याशिवाय वापरणाऱ्याला कोर्ट कैद माफ करून दंडावर सोडू शकतं अशी सवलत त्यातच आहे. तुम्ही तासाचे पैसे घेता, म्हणून ती सवलत तुम्हाला नाही. स्टीमचे गेम एकाच वैयक्तिक खात्यावरून दहा पीसींवर चालवणंही अटींविरुद्ध आहे, त्यासाठी व्हॉल्व्हची कॅफेसाठी वेगळी योजना आहे. क्रॅक गेम आणि माहितीचोर बहुधा एकाच झिपमध्ये येतात, हे धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

रजिस्टरचा उल्लेख वर आला. सायबर कॅफेसाठी २०११ चे केंद्राचे नियम आहेत. ओळखपत्र बघायचं, नोंद किमान एक वर्ष जपायची, केबिनच्या भिंती साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत, केबिनबाहेरच्या पीसींचे स्क्रीन मोकळ्या जागेकडे तोंड करून. नोंदी आहेत म्हणूनच ‘कोण बसला होता’ हे सांगता येतं. मात्र व्हॅनगार्डच्या खासगीपणाची चिंता करताना ड्रॉवरमधल्या आधारच्या झेरॉक्सही आठवा. आधारच हवं असं नियमात नाही, शाळा-कॉलेजचं ओळखपत्र चालतं. पोरांचे आधार व्हॉट्सॲपवर मागवून गॅलरीत साठवणं बंद करा. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानतो आणि त्यांच्या माहितीला पालकांची पडताळलेली संमती मागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. झेरॉक्सच्या गठ्ठ्याला कुलूप लावायला एवढं थांबायची गरज नाही.

मोबाइलवरचं पॅनेल

पालकांना कॉपीराइट समजावत बसू नका, बँकेचं सांगा. चोपड्यापासून शहाद्यापर्यंत घरातला चांगला फोन एकच असतो. त्यावर पोरगा बीजीएमआय हा गेम खेळतो आणि त्यावरच बापाचं यूपीआय असतं. पोरं म्हणतात ‘काही व्हत नही भो’. पॅनेलवाला एपीके देतो आणि एक ‘की’ देतो, दिवसाची, आठवड्याची किंवा महिन्याची. ओळखायची खूण अशी की मॉड केलेल्या एपीकेवर कंपनीची सही नसते, म्हणून मूळ गेम काढल्याशिवाय ती बसत नाही आणि प्ले स्टोअरवरून पुढे अपडेट होत नाही. दुसऱ्या प्रकारात मूळ गेम तसाच राहतो आणि पॅनेल ‘इतर ॲप्सवर दिसण्याची’ परवानगी घेऊन वर रेघा काढतं. त्यासोबत ॲक्सेसिबिलिटी आणि एसएमएस वाचण्याची परवानगीही मागितली असेल, तर ते पॅनेल शत्रूसोबत तुमचा ओटीपी आणि यूपीआयचा स्क्रीनही बघतं. निशाणा लावायला एसएमएस लागत नाही, एवढं पोरालाही पटतं.

फोन हातात आला तर आधी इंटरनेट बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी भाच्याला विचारू, मग कळवू, असं नको. मग सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, डिव्हाइस ॲडमिन आणि ‘अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करणे’ या तीन जागा बघा. अनइन्स्टॉलचं बटण पुसट दिसत असेल तर डिव्हाइस ॲडमिनमधून त्या ॲपचा हक्क काढा, नाहीतर सेफ मोडमध्ये जाऊन काढा. शेवटी फोटो-कॉन्टॅक्ट काढून घेऊन फॅक्टरी रीसेट, आणि परत भरताना एपीकेचा बॅकअप घ्यायचा नाही. फोन रूट केलेला (सिस्टिमचं मूळ कुलूप तोडलेला) असेल तर रीसेटने भागत नाही, सर्व्हिस सेंटरमधून कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून बूटलोडर बंद करून घ्यावा लागतो. गेलेली आयडी परत आणून देणारे ‘अनबॅन’वाले आधी पैसे आणि मग लॉगिनचा ओटीपी मागतात. बॅन कंपनीच्या सर्व्हरवर असतो, बाहेरच्याला तो उठवता येत नाही.

पोरगा हॅकचा गेमप्ले यूट्यूबवर टाकत असेल तर तेही थांबवा. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले की चॅनेल जातं. काढलेला व्हिडिओ परत यावा म्हणून उलट दावा भरला की खरं नाव आणि पत्ता समोरच्या कंपनीकडे जातो आणि तिला कोर्टात जावं लागतं. २०१७ मध्ये फोर्टनाइटच्या एपिक कंपनीने एका चौदा वर्षांच्या अमेरिकन मुलावर खटला भरला तो अशाच वळणावर, व्हिडिओ काढल्याला त्याने हरकत घेतल्यावर.

राहिला तुमचा पेनड्राइव्हवाला ग्राहक. सीसीटीव्हीतला त्याचा फोटो ‘चीटर’ लिहून कॅफेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, दारावर चिकटवू नका. तो अल्पवयीन निघाला तर फिर्यादीचे तुम्ही आरोपी होऊ शकता. त्याचा फोन किंवा पेनड्राइव्ह हिसकावून ठेवणंही नको, ते पोलिसांचं काम आहे. रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, सीट नंबर आणि काय दिसलं एवढंच लिहा, खाली त्या वेळी काउंटरवर बसलेल्याची सही घ्या आणि कॅफेतलं त्याचं खातं बंद करा. तो १८ च्या आतला असेल तर एसएसडीचं बिल घेऊन त्याच्या आईबापांशी बोला.